पूरक औषधं शिकवताना: माझा अनुभव

फार्मसीच्या मुलांना पूरक औषधं (नेहमीच्या उपचारांसोबत लोक घेतात ती वनौषधी, होमिओपॅथी, पोषक गोळ्या वगैरे) शिकवायला घेतली तेव्हा वर्गात सरळ दोन तट पडले. एकाच्या मते सगळं थोतांड, दुसऱ्याच्या मते वनस्पती म्हणजे निर्धोक. मला कुणाचीच बाजू घ्यायची नव्हती. रुग्ण ही औषधं घेतोच, आणि औषध देणाऱ्याला ते कळलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

सुरुवात सेंट जॉन्स वर्ट या वनौषधीपासून केली. सौम्य ते मध्यम नैराश्यात ते प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस ठरलंय, हे सांगितल्यावर थोतांडवाले जरा चपापले. मग फळ्यावर पुढचं मांडलं. त्यातल्या हायपरफोरिन या घटकामुळे शरीरातलं सीवायपी ३ए४ हे औषधं मोडणारं विकर वाढतं, प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन भराभर मोडतं आणि रक्तातली पातळी घसरते. हृदयप्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांमध्ये यामुळे शरीराने नवं हृदय नाकारायला सुरुवात केल्याची नोंद २००० सालची आहे. आता दुसरी बाजू गप्प.

होमिओपॅथीवर वाद होणारच होता. एका मुलीने फळ्यावर हिशोब मांडला: १२सी पोटन्सीला, म्हणजे शंभर पटीने बारा वेळा विरळ केल्यावर, मूळ पदार्थ १०चा २४वा घात इतक्या पटीने विरळ होतो, म्हणजे अॅव्होगॅड्रो संख्येच्याही (एका मोल पदार्थातल्या रेणूंच्या संख्येच्याही) पलीकडे, मूळचा एखादा रेणूही उरण्याची शक्यता कमीच. मागून आवाज आला, "मग अपाय तरी काय होणार?" म्हटलं, त्याच्या भरवशावर कुणी इन्सुलिन बंद करेपर्यंत काही नाही.

खरी कसोटी लागली ती संवादाच्या सरावात. मी रुग्ण, थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) सुरू असलेला. "आणखी काही औषधं घेता?" "नाही." मुलं तिथेच थांबायची. एकीने मात्र विचारलं, "हाडांसाठी, झोपेसाठी, ताकदीसाठी काही घेता का? गोळी, पावडर, काहीही?" थायरॉक्सिन नीट शोषू न देणारं कॅल्शियम लगेच बाहेर आलं! दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवायला तिने न विसरता सांगितलं. दुसऱ्या एकाने मात्र "हे कशाला घेता, पैसे वाया" म्हणून सुनावलं. मी उठून चालता झालो. रुग्णही तेच करतो, फक्त पुढच्या वेळी तो काही सांगत नाही.

औषधांच्या याद्या पाठ करायला लावणं मी बंदच केलं. औषधांचा एकमेकांवर होणारा परिणाम, म्हणजे आंतरक्रिया, डेटाबेसमध्ये बघता येतात. बघायचं कशासाठी, हे आधी विचारून काढावं लागतं. तोंडी परीक्षेत निम्मे गुण आता रुग्णाला विचारलेल्या प्रश्नांना आहेत. काही सहकाऱ्यांना हे अती वाटतं. मला नाही.