अलाइनमेंट न टिकणारी गाडी

वळताना पुढून टक-टक आवाज येतो, ही आमच्या गॅरेजच्या धंद्यातली रोजची तक्रार. बऱ्याचदा ती लिंक रॉडपाशी, म्हणजे गाडीचं झुकणं आवरणाऱ्या स्टॅबिलायझर बारच्या छोट्या जोड-दांड्यापाशी येऊन संपते. त्यामुळे आवाज कान देऊन ऐकण्याआधीच लिंक रॉड बदलून मोकळं व्हायची सवय अनेकांना लागलेली असते. या गाडीचंही तेच झालं होतं. लिंक रॉड नवे, चाकाला खालून धरणारे लोअर आर्म नवे, स्टेअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या टाय रॉडची टोकं (टाय रॉड एंड) नवी. आवाज तेवढा जुना राहिला होता.

गाडी ज्या ताई घेऊन आल्या, त्या रोज स्वतःच चालवणाऱ्या. मी विचारलं, "आवाज कधी येतो?"

"वळताना."

"वळताना म्हणजे नेमकं कधी?"

त्या वैतागल्या, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. प्रश्न आडमुठा वाटतो खरा. पण गाडी वळते तेव्हा पुढच्या बाजूला एकाच वेळी तीन वेगळी कामं चालू असतात. स्टेअरिंग फिरतं, त्याबरोबर शॉकअप आणि स्प्रिंग वरच्या माउंटिंगच्या बेअरिंगवर फिरतात. गाडी बाहेरच्या अंगाला झुकते, म्हणजे बुश (रबरी जोड), बॉल जॉइंट (गोळ्यावर फिरणारे सांधे), स्टॅबिलायझर बार यांच्यावरचा भार बदलतो. आणि इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर असेल तर एक्सलला तो जोर वाकड्या कोनातून पोचवावा लागतो. या तिन्हींचे आरोपी वेगवेगळे. माउंटिंगचं बेअरिंग जाम झालं असेल तर गाडी जागेवर उभी असतानाही स्प्रिंग अडकते आणि सुटताना 'टँग' करते. बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे एक्सलचा चाकाकडचा सांधा झिजला असेल तर फुल टर्न मारून ॲक्सिलरेटर दिला की कट-कट-कट सुरू होतं आणि चाकाच्या वेगाबरोबर वाढतं. लिंक रॉड तर वळणाचीही वाट बघत नाही, सरळ रस्त्यावरच्या बारक्या खाचखळग्यांवरसुद्धा बडबडतो.

हे समजावून सांगितल्यावर ताईंनी जरा विचार केला आणि जे सांगितलं ते सोन्यासारखं होतं. "आवाज एकदाच येतो. गाडी वळायला लागली की एकदा, सरळ झाली की एकदा. रिव्हर्स घेऊन पुढे निघाले तरी एकदा येतो." मग जाता जाता म्हणाल्या, "अजून एक आहे, पण त्याचा संबंध नसावा. अलाइनमेंट टिकतच नाही. करून आणली की काही दिवसांत स्टेअरिंग परत वाकडं. तेही कधी डावीकडे, कधी उजवीकडे."

अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन नेमके जुळवणं. इथे माझे कान टवकारले. टाय रॉड वाकला असेल तर स्टेअरिंग एकाच बाजूला वाकडं राहतं. ते कधी इकडे आणि कधी तिकडे जात असेल, तर स्टेअरिंगचा रॅक (आडवा सरकून चाकं वळवणारा भाग) ज्याच्यावर बसलाय, तेच हलतंय की काय अशी शंका येते. पण शंका आली म्हणून सरळ तिथेच पाना लावायचा नसतो.

आधी चाकांचे नट टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेला जोर लागला की 'कट' करणाऱ्या पान्यानं तपासले. कुठलाही आवाज शोधताना पहिलं काम हेच, कारण ढिला नट आवाज करून थांबत नाही, चाक घेऊन जातो. मग डिकीतला जॅक, सीटखालचं सामान बाहेर काढलं. आवाज बॉडीतून कुठूनही कुठेही पोचतो, सीटखाली लोळणारी बाटलीसुद्धा पुढच्या चाकातून बोलल्यासारखी वाटते. त्यानंतर गाडी उभी ठेवून आमच्या गॅरेजमधल्या पोराला स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं आणि मी बोनेट उघडून शॉकअपच्या वरच्या टोकाकडे कान लावला. माउंटिंग लोण्यासारखं फिरत होतं. मोकळ्या जागेत फुल टर्नमध्ये दोन्ही बाजूंना गोल फेऱ्या मारल्या, ॲक्सिलरेटर देऊन आणि सोडून. कटकट नाही, म्हणजे एक्सल निर्दोष. चालत्या गाडीत ब्रेक अगदी हलका दाबून ठेवला, तरी टक तसाच. कॅलिपर किंवा पॅड वाजत असतील तर एवढ्या दाबानंही आवाज बदलतो. मात्र सरळ रेषेत जरा जोरात ब्रेक मारला तेव्हा पायाखाली एक 'टक' जाणवला, आणि रिव्हर्समध्ये ब्रेक मारल्यावर परत एक. म्हणजे काहीतरी पुढे सरकत होतं आणि मागे येत होतं.

गाडी लिफ्टवर घेतली. लटकती चाकं हलवून बघितली, पहारीनं लोअर आर्मचे बुश रेटले, बॉल जॉइंट उचलून पाहिले. कुठेच खेळ नाही. पोरगा म्हणाला, "दादा, सगळं टाइट आहे." होतंच टाइट, पण चाकं हवेत असताना. एकच चाक जॅकवर उचललं तर स्टॅबिलायझर बार पिळला जातो, लिंक रॉड ताणला जातो आणि त्याचा खेळ लपतो. दोन्ही चाकं लटकली तर गाडीचं वजनच पुढच्या भागावर राहत नाही. आवाज वजनाखाली येतोय, तर शोधही वजनाखालीच घ्यायला हवा.

म्हणून गाडी चार खांबांच्या लिफ्टवर चढवली. त्यावर चाकं टेकलेली राहतात आणि खालून काम करता येतं. आता लक्ष सबफ्रेमवर. इंजिनाखाली आडवी असलेली ही पोलादी फ्रेम. लोअर आर्म, बार आणि या गाडीत स्टेअरिंगचा रॅकही तिच्यावरच. ती बॉडीला चार जाड बोल्टांनी आवळलेली होती. डाव्या बाजूच्या बोल्टपाशी टॉर्च धरली तर वॉशरच्या कडेनं धूळ-चिखलाच्या थरात चंद्रकोरीसारखी एक चकचकीत पट्टी दिसली. घासून रंग गेलेला, खालचा पत्रा उघडा पडलेला. बाकी सगळीकडे मळ आणि तेवढ्याच जागी चकाकी. घट्ट बसलेल्या जोडाला अशी चकाकी येत नाही.

तरी खात्री करून घेतली. पांढऱ्या पेंट मार्करनं चारही ठिकाणी फ्रेमवरून बॉडीवर जाणारी एकसंध रेघ ओढली आणि पोराला गाडी फिरवून आणायला सांगितलं, भरपूर वळणं आणि भरपूर ब्रेक मारत. गाडी परत आली तेव्हा डाव्या बाजूच्या दोन्ही रेघा तुटल्या होत्या. फ्रेमवरचा अर्धा भाग बॉडीवरच्या अर्ध्या भागापासून साधारण दोन मिलिमीटर सरकला होता. पोरगा कितीतरी वेळ खाली उभा राहून तेच बघत होता.

अनेकांना वाटतं की बोल्टच फ्रेमला जागेवर अडवून धरतो. खरं तर भोक बोल्टपेक्षा थोडं मोठं असतं. फ्रेम धरून ठेवतो तो बोल्टच्या आवळण्यातून येणारा दाब. दाब कमी पडला की भोकात जेवढी जागा असेल तेवढी फ्रेम सरकते आणि बोल्टवर जाऊन आपटते, तोच टक. साध्या पान्यानं बघितलं तर हे बोल्ट घट्टच लागत होते. टॉर्क रेंच कंपनीनं दिलेल्या आकड्यावर लावला, तर डावीकडचे दोन्ही बोल्ट रेंच 'कट' म्हणायच्या आधी आरामात फिरले.

मी ताईंना विचारलं, "गाडीचं मध्यंतरी मोठं काम काही झालं होतं का?"

"क्लच बदलला होता. का, त्याचा काय संबंध?"

या गाडीत गिअरबॉक्स उतरवायला सबफ्रेम खाली घ्यावी लागते. परत चढवताना कुणाच्या तरी हातून शेवटचा टॉर्क राहून गेला होता. आवाज त्यानंतरच सुरू झाला होता, हे त्यांना तेव्हाच आठवलं.

चारही बोल्ट नवे मागवले, कारण यातले पुष्कळसे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, आवळताना ताणले जातात. फ्रेमच्या मार्गदर्शक भोकांतून पिना घालून ती जागेवर आणली आणि आकड्याप्रमाणे आवळली. लोअर आर्मचे बुशचे बोल्टही ढिले करून गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळले. हवेत लटकत्या आर्मवर बुश आवळला तर गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नवा लोअर आर्म वर्षभरात का जातो, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच सापडतं. मग अलाइनमेंट. डाव्या टायरची आतली कड आधीच झिजली होती, त्यावर काही इलाज नव्हता.

बदललेल्या पार्टांबद्दल ताईंनी विचारलंच, "ते खराब नव्हते का?" जुने पार्ट कुणी दाखवले नव्हते, तेव्हा मी ठाम काही सांगितलं नाही. इथून पुढे काढलेला पार्ट हातात मागून घ्या, एवढं सांगितलं.

रेघा मी नव्यानं ओढून दिल्या होत्या आणि काही दिवस चालवून गाडी दाखवायला बोलावली होती. आणली तेव्हा चारही रेघा सलग होत्या आणि स्टेअरिंगही सरळ होतं. पोरानं तेव्हापासून एक पेंट मार्कर खिशातच ठेवलाय. सबफ्रेम उतरवलेली कुठलीही गाडी तो रेघा ओढल्याशिवाय बाहेर सोडत नाही.