तुम्ही विचारलंत म्हणून: वही अजून कोरी का?

"ताई, वही अजून कोरीच आहे." दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या बालवाडीच्या दारात हे वाक्य हमखास ऐकू येतं. आम्ही नाशिकच्या सातपूरमध्ये आहोत. बहुतेक आईवडील कंपनीत शिफ्ट करतात. शेजारचा साडेतीन वर्षांचा मुलगा एबीसीडी लिहितो, आणि आपला घरी येऊन सांगतो, "आज आम्ही भांडलो, मग बट्टी केली." याच्यासाठी फी भरायची का, असं तुम्हाला वाटतं. पोटाला चिमटा काढून भरलेले पैसे आहेत ते. म्हणून नीट उत्तर देते.

हो, ती कट्टी आणि ती बट्टी हाच आमचा अभ्यास आहे.

सुरुवातीच्या वर्षांत मी भांडणं घाईने उरकायचे. कोणी ढकललं की दोघांना समोरासमोर उभं करायचं, "सॉरी म्हण," आणि पुढचं गाणं. यात काय चुकतंय ते एका चार वर्षांच्या मुलामुळे कळलं. तो ढकलायचा, मी तोंड उघडायच्या आत स्वतःच "सॉरी" म्हणायचा आणि दुसऱ्याकडे वळायचा. त्याच्या हिशेबी ढकलण्याचं मोल सॉरी होतं. ते चुकतं केलं की झालं. हा हिशेब मीच त्याला शिकवला होता. तेव्हापासून सॉरी म्हणायला लावणं बंद केलं. आता आम्ही खाली बसतो. "बघ, त्याला कुठे लागलंय? विचार त्याला." कितीतरी दिवस तो नुसता जमिनीकडे बघायचा. मग एकदा उठला, आपली पाण्याची बाटली आणली आणि पडलेल्या मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर सगळी ओतली. सतरंजी भिजली. मला त्या दिवशी घरी जाईपर्यंत भरून येत होतं.

शब्दांचं काम आणखी सावकाश चालतं. मूल येतं तेव्हा त्याच्याकडे रडणं असतं, आणि मोठ्यांकडे त्या सगळ्या रडण्याला एकच नाव: हट्ट. आपल्या भाषेत खरं तर किती शब्द आहेत! रुसणं, चिडणं, हिरमुसणं, धास्तावणं. प्रत्येकाचं औषध वेगळं. रुसलेल्याला कोणीतरी समजूत काढायला यावं असं वाटत असतं. गेलं नाही तर रुसवा लांबतो. चिडलेल्याच्या अंगाला लगेच हात लावू नये, आधी त्याला शांत होऊ द्यावं. हिरमुसलेलं मूल रडतही नाही. एवढंसं तोंड करून कोपऱ्यात गाडी फिरवत बसतं, आणि वर्गात तेच सगळ्यात आधी नजरेतून सुटतं. म्हणून दिवसभर मी विचारत राहते, "चिडलायस का रे? की रुसलायस?" गेल्या वर्षी पावणेचार वर्षांची एक मुलगी हुंदके देत म्हणाली, "मी चिडले नाहीये, रुसलेय. आजी मला न सांगता गावाला गेली." स्वतःच्या मनात काय चाललंय ते तिला दिसलं, आणि ते दुसऱ्याला सांगता आलं. 'क' गिरवण्याहून हे मला फार अवघड वाटतं.

यातलं बरंचसं पूर्वी गल्लीतच व्हायचं. आठवा ना, लपंडावात आपल्या मागे लागून आलेलं धाकटं भावंड. ते कच्चं लिंबू. ते पळायचं, लपायचं, पकडलंही जायचं, पण त्याच्यावर राज्य येत नसे. हा नियम कोणत्याही मोठ्या माणसाने केलेला नव्हता. लहानग्याला घरी हाकलायचं नाही आणि खेळही बिघडू द्यायचा नाही, एवढं सात-आठ वर्षांची मुलं आपापसात सांभाळत. आता सगळं वयाप्रमाणे बॅचमध्ये असतं. कच्चं लिंबू व्हायलाही मिळत नाही आणि कोणाला कच्चं लिंबू म्हणून सांभाळायलाही मिळत नाही. म्हणून आमच्याकडे तीन ते सहाची सगळी मुलं अंगणात एकत्र असतात. लहान-मोठे वेगळे करा म्हणून तुम्ही सांगता, पण ते मी करणार नाही.

हे माझ्या मनचं खूळ नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला. आदिवासी मुलं शाळेकडे येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. ओळखीच्या अंगणात मूल निर्धास्त असतं, आणि निर्धास्त असलं की शिकतं, असं मी त्यातून घेते.

दुसरं उदाहरण लांबचं आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या यप्सिलांटी गावी १९६२ मध्ये गरीब कृष्णवर्णीय घरांतल्या १२३ मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. काहींना बालशाळा मिळाली, काहींना नाही. बालशाळेतल्यांची बुद्ध्यांकातली आघाडी थोड्याच वर्षांत ओसरली. पण चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला तेव्हा तीच मुलं जास्त शिकलेली, जास्त कमावणारी आणि पोलिसांच्या तावडीत कमी सापडलेली दिसली. नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी याचं बरंचसं श्रेय वागण्यातल्या आणि स्वभावातल्या बदलांना दिलं.

लिहिणं येईल हो. माती मळून, मणी ओवून, चिंचोके वेचून बोटं तयार होतायत. तुम्ही घरी एवढंच करा: शिफ्टवरून आल्यावर "आज काय शिकलास?" असं विचारण्याऐवजी "आज कोणाबरोबर खेळलास? कोण रुसलं?" असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत मोबाइल खाली ठेवा.

आणि तुमच्या सुट्टीच्या दिवशी एकदा साडेदहाला इथे या. दारात उभे राहू नका, आत येऊन बसा. त्या वेळी घसरगुंडीपाशी रोज भांडण होतं. तुमचा मुलगा त्यात असेल. मध्ये पडू नका, त्याला हाकही मारू नका. बट्टी होईपर्यंत थांबा.