भाव तोच, मग फाइल पुन्हा पुन्हा कशाला?

लातूर मार्केटचे सोयाबीन-तुरीचे भाव दाखवणारं अ‍ॅप घ्या. सौदा एकदा झाला की भाव दुसऱ्या दिवसापर्यंत जागचा हलत नाही, पण माणूस दिवसातून धा वेळा उघडून बघणारच, आणि अ‍ॅप दर वेळेला अख्खी फाइल ओढायलंय. औशाच्या पुढं शिवारात नेटची एक कांडी येते, तिथं हे लई जड जातं.

खरं तर याची सोय एचटीटीपीत, म्हणजे फोन आणि सर्व्हर ज्या नियमानं बोलतात त्यात, कधीचीच आहे. सर्व्हर पहिल्यांदा फाइल देतो तेव्हा सोबत ईटॅग देतो, म्हणजे त्या फाइलचा अंगठाच समजा. पुढच्या खेपेला फोननं तोच ईटॅग इफ-नन-मॅच हेडरमधी (हेडर म्हणजे मागणी-उत्तरासोबत जाणारी माहितीची छोटी ओळ) परत पाठवायचा, काही बदललं नसेल तर सर्व्हर नुसतं ३०४, म्हणजे "बदल नाही" असा कोड, म्हणतो, फाइल पाठवतच नाही, फोननं आपली जुनीच दाखवायची. तारखेवर चालणारं इफ-मॉडिफाइड-सिन्स याच्याही आधीचं, १९९६ च्या एचटीटीपी १.० मधलं. पण त्यात सेकंदाच्या खालचा बदल कळत नाही आणि तारीख जीएमटीत, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत, लागते, आपले लोक साडेपाच तासांचा घोळ घालून ठेवतात. सर्व्हरनं लास्ट-मॉडिफाइडमधी जी तारीख दिली तीच जशीच्या तशी परत पाठवा ना, स्वतः कशाला बनवता! दोन्ही हेडर पाठवले तर चालतं ईटॅगचंच.

आता खरी गंमत. एका ठिकाणाहून भावाची जेसन फाइल यायची, ईटॅग होता, सगळं होतं, तरी ३०४ काही येईना. उघडून बघितलं तर आत "फाइल तयार केल्याची वेळ" अशी एक ओळ, दर पाच मिनिटाला फाइल नवी बनायची, भाव तेच पण वेळ बदलली की हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण, त्यावरूनच ईटॅग बनायचा) बदलला, हॅश बदलला की ईटॅग बदलला, झालं! वेळ सोडून नुसत्या भावांचा हॅश काढला तर काम होतं, फक्त तो ईटॅग मग वीक म्हणून द्यायचा, पुढं डब्ल्यू-स्लॅश लावून, कारण फाइल बाइट-टू-बाइट सारखी राहत नाही. आणि एक, ३०४ नं डेटा वाचतो, सर्व्हरचे कष्ट वाचतीलच असं नाही. ईटॅग काढायला दर वेळेला डेटाबेसची तीच क्वेरी मारत असाल तर ते काम तसंच राहतं.

याच घरातला इफ-मॅच मात्र लोक विसरूनच जातात, मला तर तो जास्त कामाचा वाटतो. गोदामातल्या पोत्यांचा एकच रेकॉर्ड दोन मुनीम दोन फोनवर उघडून बसलेत, एकानं सेव्ह केलं, मग दुसऱ्यानं जुन्याच आकड्यावर सेव्ह केलं, पहिल्याचं गायब आणि कुणाला पत्ताच नाही. सेव्ह करताना इफ-मॅचमधी ईटॅग पाठवला असता तर दुसऱ्याला ४१२ आला असता, मधी कुणीतरी बदललंय म्हणून. इथं वीक ईटॅग चालत नाही, स्ट्राँगच पाहिजे, म्हणजे बाइट-टू-बाइट सारखं असेल तरच जुळणारा. आणि हेडर न लावताच कुणी सेव्ह करायलंय तर सर्व्हरनं सरळ ४२८, म्हणजे "आधी अट लावून या", देऊन परत पाठवावं, त्यासाठीच तो कोड काढलाय.