अप्रोच कुठून आहे?

मी बँकांसाठी जमिनींचं व्हॅल्युएशन करतो, काम जास्त अलिबाग तालुक्यात. 2020 ला भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, सुरू झाली, मुंबईकर गाडीसकट तासाभरात मांडव्याला उतरायला लागले, तेव्हापासून इकडे जमिनीबद्दल पहिला प्रश्न एकच, जेट्टीपासून किती लांब? पीक काय येतं ते कुणी विचारत नाही.

त्या दिवशीची केस एका काकांची. भात काढलं की त्याच शेतात पांढरा कांदा लावणारे, 2022 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तोच कांदा, पडवीत वेण्या टांगलेल्या. होमस्टेसाठी लोन हवं होतं आणि तारण म्हणून तेच शेत.

बघायला निघालो तर समोर उंच चिऱ्याचं कंपाउंड. पुढचा तुकडा काकांच्या भावाने विकलेला, घेणाऱ्या पार्टीने बांधापर्यंत भिंत घातलेली. काका म्हणाले, "या साहेब, इकडनं," आणि मला शेजाऱ्याच्या परसातून, जिताडा माशाच्या तळ्याच्या काठाकाठाने, बूट हातात घ्यायला लावून नेलं. आधी बैलगाडी भावाच्याच बांधावरून जायची, कागद कुणी केला नाही, भावाभावात कोण करतो? गावनकाशात तर रस्ताच नाही.

आता व्हॅल्युएशनच्या फॉर्ममध्ये 'अप्रोच', म्हणजे जमिनीपर्यंत जायचा रस्ता, असा रकाना असतो, तिथे 'नाही' लिहिलं की पुढचे सगळे आकडे खाली येतात. माती तीच, पाणी तेच, पण पुढची जमीन गुंठ्याच्या भावाने गेली आणि मागचीला एकराच्या भावानेही गिऱ्हाईक नाही. म्हणजे एकच गिऱ्हाईक, तीच भिंतवाली पार्टी, एजंटकडून निरोप आलेला पण पडेल भावात. दुसरा घेणारा येणार कुठून, उडत?

काका म्हणाले, "म्हंजे त्याने घेतली की भिंतीला गेट पाडायचं नि भाव वर?"

हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार.

अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला 1906 चा मामलेदार कोर्ट कायदा आहे, पण दावा सहा महिन्यांत लावायचा असतो आणि ही भिंत त्याहून जुनी. राहिलं महसूल कायद्याचं कलम 143, बांधावरून रस्ता मागायचं, तो अर्ज काकांनी तहसीलदारांकडे टाकलाय. तोवर बँकेने फाइल होल्डवर ठेवलीय.

नंतर त्या एजंटचा मला फोन, रिपोर्टमध्ये रेट काय टाकला विचारत होता. सांगितला नाही.