पिर्लो : तीस मीटर मागे सरकलेला मिडफिल्डर

रविवार

इटलीचा फुटबॉलपटू आंद्रेआ पिर्लो म्हटलं की दाढी, संथ चाल आणि ती चेष्टेखोर पेनल्टी, एवढंच निघतं. त्याच्या कारकिर्दीत खरं वजन आहे ते दहा सामन्यांना. २००१ च्या सुरुवातीला इंटर क्लबने त्याला ब्रेशिया क्लबला उसना दिला आणि तिथे लीगचे जेमतेम १० सामने तो खेळला.

पोरगा ब्रेशियाजवळच्या फ्लेरोचा, जन्म १९ मे १९७९. सोळा वर्षं पूर्ण होऊन दोनच दिवस झाले असताना ब्रेशियाकडून सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या अव्वल लीगमध्ये, उतरला. तेव्हापासून त्याची जागा आघाडीवीरांच्या मागची, म्हणजे १० नंबरची. इंटरमध्ये ती जागा त्याची कधीच झाली नाही. मग रेजिना क्लब, मग परत ब्रेशिया. पण ब्रेशियात तोवर इटलीचा नामांकित १० नंबरवाला रॉबेर्तो बाज्जो येऊन बसलेला! त्याच्या जागेवर कोण हक्क सांगणार? प्रशिक्षक कार्लो मात्सोने यांनी पिर्लोला थेट बचावफळीसमोर नेऊन उभं केलं.

अडचणीतून काढलेली ही वाट खेळाच्या हिशेबातही बरोबर ठरली. १० नंबरवाल्याला बॉल मिळतो तेव्हा बहुतेकदा पाठ गोलकडे असते आणि बचावपटू हाताच्या अंतरावर. तिथे वळायला झपाटा लागतो, आणि तो पिर्लोकडे कधीच नव्हता. तीस मीटर मागे आल्यावर तोंड गोलकडे झालं, सगळं मैदान समोर आलं. त्याच्यावर धावून जाणं हे प्रतिस्पर्ध्यांपैकी कुणाचंच ठरलेलं काम नव्हतं, त्यामुळे दोन-तीन सेकंद फुकट मिळत. १ एप्रिल २००१, तुरिन, समोर युव्हेंटस. अर्ध्या मैदानातून पिर्लोचा उंच पास, धावत्या बाज्जोने एका स्पर्शात तो उतरवून गोलरक्षक फान डर सारला चकवलं. सामना १-१.

मंगळवार

ही जागा स्वस्तात मिळत नाही, त्याचा हिशेब मांडून ठेवतो.

पुढे एसी मिलान क्लबमध्ये प्रशिक्षक कार्लो आन्चेलोत्तींनी मधली फळी हिऱ्याच्या आकारात मांडली : तळाला पिर्लो, उजवीकडे गात्तुसो, डावीकडे सीडॉर्फ, टोकाला आधी रुई कोस्ता आणि नंतर काका. पिर्लो तळाला उभा राहू शकला, कारण बॉल गेला की शेजारी गात्तुसो दोघांच्या वाटचं धावत होता. युव्हेंटसमध्ये हेच काम व्हिदाल आणि मार्किझिओ करत. असे दोन धावणारे शेजारी नसतील तर पिर्लोसारखा खेळाडू तिथे ठेवणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं.

स्वतः त्याने करायच्या गोष्टी साध्या दिसतात, पण चुकतात तिथेच. बॉल येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घ्यायचं. बॉल आल्यावर बघणारा उशीर करतो. अंग अर्धं वळवून उभं राहायचं आणि लांबच्या पायावर बॉल घ्यायचा, म्हणजे पहिल्याच स्पर्शात तोंड पुढे होतं. बचावपटूच्या अगदी जवळ जाऊन बॉल मागितला तर आपला पहारेकरीही सोबत येतो आणि एकाच्या जागी दोघांची वाट बंद होते. आणि या जागेवर ड्रिबल करायचं, म्हणजे बॉल पायाशी ठेवून माणसं चकवायची, नाही. पुढे बॉल गमावला तर हल्ला थांबतो, इथे गमावला तर मागे फक्त दोन बचावपटू उरतात.

या जागेवरचा इलाज मँचेस्टर युनायटेडचे तेव्हाचे प्रशिक्षक फर्ग्युसननी दाखवला. मार्च २०१०, ओल्ड ट्रॅफर्ड. पार्क जी-सुंगला बॉलपेक्षा पिर्लोवर नजर ठेवायला सांगितलं होतं. पार्क सावलीसारखा चिकटला, मिलान ०-४ ने हरला. यावर उतारा युव्हेंटसमध्ये प्रशिक्षक कोन्तेंनी काढला : तीन बचावपटूंच्या मधोमध बोनुच्ची. पिर्लोला माणूस चिकटला की लांब पास बोनुच्ची टाकणार. मग पहारा कुणावर ठेवायचा? मिलानचा करार संपल्यावर ३२ व्या वर्षी हा माणूस युव्हेंटसला फुकट मिळाला होता, हे इथे जाता जाता नोंदवायला हवं. पहिल्याच मोसमात, २०११-१२ मध्ये, संघ लीगचे ३८ सामने न हरता विजेता. पुढची तीन विजेतेपदंही लागोपाठ.

गुरुवार

४ जुलै २००६, डॉर्टमुंड, विश्वचषकात इटलीचा जर्मनीविरुद्ध उपांत्य सामना, ११९ वं मिनिट, ०-०. कॉर्नर जर्मनांनी डोक्याने बाहेर काढला आणि बॉल पेनल्टी बॉक्सच्या कडेला पिर्लोकडे आला. इथे शंभरातले नव्वद जण गोलवर फटका मारतात. पिर्लो बॉल घेऊन उजवीकडे आडवा सरकत राहिला. एक बचावपटू त्याच्याकडे ओढला गेला, मग दुसरा, आणि त्यांच्यामधली फट उघडली तेव्हाच पास आत सरकवला. मान सहकारी ग्रोसोकडे वळलीसुद्धा नाही. ग्रोसोला बॉल थांबवायची गरज पडली नाही, डाव्या पायाने थेट लांबच्या कोपऱ्यात. पासचा वेग नीट बघण्यासारखा आहे : थोडा जोरात असता तर ग्रोसोला पाय आखडावा लागला असता, हळू असता तर मधेच अडला असता.

अंतिम सामन्यात बरोबरीचा गोल त्याच्याच कॉर्नरवर, हेडर मातेराझ्झीचा. (गोवेकरांना मातेराझ्झी वेगळ्याच कारणाने आठवत असणार. २०१५ ची इंडियन सुपर लीगची (आयएसएल) फायनल, फातोर्डा, हातातोंडाशी आलेला चषक शेवटच्या काही मिनिटांत ३-२ ने नेणाऱ्या चेन्नईयनचा प्रशिक्षक तोच.)

शुक्रवार

फ्री किक. फ्रान्सच्या लियों क्लबच्या जुनिन्योचे फटके बघून बघून पिर्लोने हे शिकून घेतलं. फिरत जाणारा बॉल कुठे वळणार हे गोलरक्षकाला आधी कळतं. न फिरणारा बॉल हवेत डचमळतो आणि एकदम खाली पडतो. त्यासाठी पाऊल सरळ ठेवून बोटांकडच्या भागाने बॉलच्या मध्याखाली ठोसा द्यायचा आणि पाय लगेच सैल सोडायचा. पाय आडवा ओढला गेला की फिरकी बसते आणि सगळा डाव फसतो. फार खाली लागला तर बॉल प्रेक्षकांत. भिंत ९.१५ मीटरवर असते, त्यामुळे अगदी बॉक्सच्या कडेवरून हा फटका मारण्यात अर्थ नाही. भिंतीवरून गेलेल्या बॉलला खाली यायला जागाच उरत नाही. जून २०१३, माराकाना, मेक्सिकोविरुद्ध, त्याचा इटलीसाठीचा १०० वा सामना : लांबून मारला, वरच्या कोपऱ्यात गेला. वर्षभराने मनाउसमध्ये इंग्लंडविरुद्ध तसाच फटका, गोलरक्षक हार्ट भलतीकडे, बॉल आडव्या खांबावर. इतका बारीक फरक या फटक्यात कायम राहतो.

युरो २०१२ मधली पनेन्का, म्हणजे गोलच्या मधोमध हळूच उचलून टाकलेली ती चेष्टेखोर पेनल्टी, तीही हार्टलाच. इटलीच्या मोन्तोलिवोची पेनल्टी वाया गेली होती, इंग्लंड शूटआउटमध्ये पुढे होतं. गोलरक्षक खांबांमध्ये उड्या मारत, हातवारे करत उभा. म्हणजे तो आधीच झेपावणार. धाव नेहमीसारखीच, शेवटच्या क्षणी बॉलखाली पाय. गोलरक्षक जागचा हलला नाही तर हाच बॉल त्याच्या हातात अलगद पडतो आणि मारणारा हास्यास्पद ठरतो. इंग्लंडच्या पुढच्या दोन्ही पेनल्टी हुकल्या. २००५ ला इस्तंबूलमध्ये, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात, मात्र याच पिर्लोची साधी पेनल्टी लिव्हरपूलचा गोलरक्षक दुदेकने अडवली होती, तेही विसरू नये.

शनिवार

खेळाडू म्हणून शेवटचा क्लब न्यूयॉर्क सिटी, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पाय थकले होते.

प्रशिक्षक पिर्लो : युव्हेंटस २०२०-२१, कोप्पा इतालिया आणि सुपरकोप्पा जिंकले, लीगमध्ये चौथे. चॅम्पियन्स लीगमध्ये पोर्तोविरुद्ध पहिल्या सामन्याचं दुसरंच मिनिट. बचावफळीसमोर खेळणाऱ्या बेन्तांकुरने गोलरक्षकाकडे मागे पास दिला, न बघता, हळू. तारेमीने मधेच पाय घातला आणि गोल. तो सामना १-२ गेला, घरचा जादा वेळेत ३-२ जिंकूनही, तेव्हाच्या नियमाने, पोर्तोच्या परक्या मैदानावरच्या जास्त गोलांमुळे युव्हेंटस बाहेर. मोसम संपताच पिर्लोची नोकरीही गेली.