तुम्ही विचारलेत म्हणून: मी फोनचे एकच नाव का सांगत नाही

"तुम्हाला फोनमधलं एवढं कळतं, मग सरळ एक नाव सांगून मोकळे का होत नाही?" असे मला कार्यालयातले सहकारी विचारतात, नातेवाईक विचारतात आणि दसरा-दिवाळीच्या सवलती सुरू झाल्या की जिन्यात भेटणारे शेजारीही विचारतात. याचे खरे उत्तर असे आहे की, विचारणाऱ्याने नाव आधीच ठरवलेले असते. त्याला माझा सल्ला नको असतो, ठरलेल्या नावाखाली माझी सही तेवढी हवी असते. आणि मी वेगळे नाव घेतले की पुढचा अर्धा तास मला त्या नावाचा बचाव करत बसावे लागते.

आमच्या आस्थापना शाखेतल्या एका सहकाऱ्याचे उदाहरण घ्या. जुन्या फोनची साठवण भरली होती, फोन अडकत होता आणि बँकेचे ॲप उघडायला वेळ लागत होता, म्हणून त्याला नवा फोन हवा होता. या तक्रारींत छायाचित्राचा उल्लेख कुठेही नव्हता. मी त्याच्या ऐपतीत बसणारे दोन फोन सुचवले, तर तो म्हणाला, "पण त्यात कॅमेरा पन्नासचाच आहे, मी बघितलाय त्यात एकशे आठचा आहे." मग मी डबा बाजूला ठेवून त्याला सांगितले की, १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा एरवी नऊ-नऊ पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, एकत्र करून साधारण १२ मेगापिक्सेलचेच छायाचित्र देतो, ५० चा कॅमेरा चार-चार एकत्र करून जवळपास तेवढेच देतो, आणि छायाचित्र चांगले येणे हे प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचा आकार, भिंग आणि आतली प्रक्रिया यांवर जास्त अवलंबून असते. मागे दिसणाऱ्या तीन डोळ्यांपैकी एखादा २ मेगापिक्सेलचा असतो आणि तो बहुतेक वेळा पाठ भरलेली दिसावी म्हणूनच असतो, हेही सांगितले. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "ते बरोबर आहे हो, पण एकशे आठ म्हणजे शेवटी एकशे आठ."

अँड्रॉइड की आयफोन हा वाद तर आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत लोणच्याइतका नियमित असतो. एक बाजू म्हणते, आयफोन वर्षानुवर्षे अडकत नाही. दुसरी म्हणते, त्यासाठी किडनी विकावी लागते. आयफोनच्या खोक्यातला चार्जर कंपनीने २०२० साली काढून टाकला तेव्हा दुसऱ्या बाजूने आठवडाभर विजयोत्सव केला, आणि पुढे त्यांच्याही आवडत्या कंपन्यांनी तेच केले तेव्हा विषय बदलला. पुढे आमच्या साहेबांनी आयफोन घेतला. त्यानंतर अँड्रॉइडचा कैवार सर्वांत मोठ्या आवाजात घेणाऱ्या दोघांना आयफोनच्या बांधणीत एकाएकी दर्जा दिसू लागला.

साहेबांचा विषय निघालाच आहे, तर हेही सांगतो. फोनच्या या वादाचा मला एवढा त्रास होतो, कारण याच पद्धतीने माणसे निवडलेली मी रोज पाहतो. एखाद्या चांगल्या प्रशिक्षणाला कोणाला पाठवायचे, सोयीचे टेबल कोणाला द्यायचे, हे आधी ठरते आणि निकष मागाहून लिहिला जातो. मर्जीतला माणूस तरुण असेल तर "संगणकाचे ज्ञान" महत्त्वाचे ठरते. पुढच्या वेळी मर्जीतला माणूस निवृत्तीला आलेला असेल तर तेच ज्ञान मागे पडते आणि "प्रदीर्घ अनुभव" पुढे येतो. फोनचेही तसेच होते. मनात भरलेल्या फोनची बॅटरी मोठी असेल तर बॅटरी हाच मुख्य मुद्दा असतो, आणि ती लहान निघाली तर फोन हातात हलका वाटतो म्हणून तो घ्यायचा असतो.

फरक एवढाच की, माणसाच्या बाबतीत दाद मागायची थोडी तरी सोय आहे. देव दत्त या कार्यकारी अभियंत्याच्या गोपनीय अहवालात, म्हणजे वरिष्ठ कामाबद्दल लिहितात त्या अहवालात, "चांगला" असा शेरा होता. बढतीसाठी "अतिशय चांगला" लागत होता, आणि हा शेरा त्यांना कधी कळवलाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली त्यांच्या प्रकरणात सांगितले की, शेरा वाईट असो वा चांगला, तो संबंधित कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला त्यावर म्हणणे मांडता येईल. नाकारलेला फोन बिचारा म्हणणे मांडायला येत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे येते.

त्यामुळे आता मी नावाऐवजी निकष आधी लिहून मागतो. सध्याच्या फोनचा नेमका त्रास काय, नवा किती वर्षे वापरायचा आणि बिघडला तर दुरुस्तीला कुठे न्यायचा, एवढेच. तीन वर्षांहून अधिक वापरायचा असेल तर कॅमेऱ्याच्या आधी सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार ते पाहावे. गूगलने पिक्सेल ८ या फोनपासून, म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरपासून, आणि सॅमसंगने २०२४ च्या जानेवारीत आलेल्या एस २४ मालिकेपासून सात वर्षांचे आश्वासन दिले; स्वस्त फोनांत ही मुदत बरीच कमी असते. शिवाय ही मुदत बहुधा फोन बाजारात आल्यापासून मोजली जाते, तुम्ही बिल केल्यापासून नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल भरघोस सवलतीत मिळते तेव्हा त्यातली दोन वर्षे आधीच खर्च झालेली असतात. साठवण १२८ जीबीपेक्षा कमी घेऊ नये, कारण कुटुंबाच्या गटावरच्या सुप्रभाती फुलांनाही जागा लागते. रॅम म्हणजे फोनची चालू कामापुरती स्मृती; "वाढीव रॅम" म्हणून जे सांगतात ती साठवणीतलीच उसनी जागा असते आणि ती खऱ्या रॅमपेक्षा बरीच संथ असते.

आणि "बिनव्याजी हप्ता" या शब्दांवर विसंबून फोनची किंमत ठरवू नये. बँकांच्या शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच मनाई केली. आता होते असे की, बँक व्याज लावतेच. विक्रेता किंवा कंपनी तेवढीच रक्कम आधी सवलत म्हणून वजा करते आणि बेरीज जुळल्यासारखी दिसते. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेचे प्रक्रिया शुल्क मात्र तुमच्या कार्डावर पडते. रोखीने घेणाऱ्याला एखादी वेगळी सूट असेल तर हप्तेवाल्याची तीही जाते. हे सांगितल्यावर लोक माझ्याकडे असे पाहतात, जणू व्याज मीच लावले आहे.

एक नाव सांगून मी मोकळा होतो ते फक्त आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंसारख्यांसाठी. त्यांचा मुलगा परदेशात असतो आणि त्यांना त्याच्याशी व्हिडिओवर बोलायचे होते, विजेचे बिल भरायचे होते. कोणत्या कंपनीचा फोन, यावर त्यांचे काहीच मत नव्हते. "अक्षर मोठं करता येतं ना त्यात? आणि आवाज?" एवढेच त्यांनी विचारले. मी ज्याचे सेवा केंद्र आमच्या गावात आहे अशा एका कंपनीचा मध्यम किमतीचा फोन सांगितला, आम्ही दुकानात गेलो, सेटिंगमध्ये जाऊन अक्षराचा आकार शेवटच्या खुणेपर्यंत सरकवून पाहिला, आवाज वाढवून रिंग ऐकली आणि बिल केले. दुकानदार १०८ मेगापिक्सेलवाला दुसरा फोन पुढे सरकवत होता, काकूंनी तो उलटा करून पाहिला आणि विचारले, "एवढे डोळे कशाला?"