आईची कंबर आणि एमआरआयचा कागद

दिवाळीनंतर कापसाची वेचणी ऐन भरात असताना आईच्या कमरेतली कळ डाव्या मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरू लागली आणि दोन दिवसांत तिला खाटेवरून उठणेही कठीण झाले. आमच्याकडे अशा वेळी ‘उसण भरली’ म्हणतात आणि पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या, माणसाचा पाय कमरेला लावून घेतात. आईनेही ते केले. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी एमआरआय काढला, त्यात कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलेली दिसली, आणि तेथील डॉक्टरांनी आईला न तपासता केवळ तो कागद पाहून ऑपरेशनची तारीख दिली. बाबांनी घरातला कापूस मिळेल त्या भावाने विकायची तयारी केली.

मणक्यांमधल्या गादीचे कडे चिवट असते आणि आत मऊ गर असतो. कडे फाटून गर मागे आला की शेजारची नस दबते, सुजते, आणि म्हणूनच बिघाड कमरेत असूनही कळ पायात जाते. मात्र कंबर कधीही न दुखलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही सरकलेली गादी दिसते, आणि बाहेर आलेला गर बहुतेक वेळा शरीर हळूहळू शोषून घेते, हे आम्हाला तोवर कोणी सांगितले नव्हते.

मग दुसरे मत घ्यायला आम्ही सेवाग्रामच्या रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी आधी आईला तपासले. पाय सरळ वर उचलून पाहिला, अंगठा वर ओढायला लावला, टाचांवर आणि चवड्यांवर चालवले. पायाची ताकद शाबूत होती, म्हणून त्यांनी ६ आठवडे थांबायला सांगितले: थोडे दिवस गोळ्या, पडून न राहता जमेल तेवढे चालणे, वाकून ओझे उचलणे बंद, आणि कळ ओसरल्यावर व्यायाम. सहाव्या आठवड्यात कळ पोटरीतून हटून गुडघ्याच्या वरच उरली, आणि पुढे तीही थांबली.

काकांचे तसे नव्हते. १६ लिटरचा फवारणी पंप पाठीवर वाहणाऱ्या काकांच्या उजव्या पायातून चप्पल निसटली तरी त्यांना कळत नसे, आणि ते दुखणे त्यांनी हंगामभर अंगावर काढले. ऑपरेशनमध्ये नसेवर आलेला तुकडा काढल्यावर पायाची कळ दुसऱ्याच दिवशी गेली. पंजाची ताकद मात्र पुरती परतली नाही आणि निंदणाच्या वेळी कंबर आजही दुखते. हे ऑपरेशन मुख्यतः पायाच्या कळेसाठी असते, कमरेच्या जुन्या दुखण्यासाठी नव्हे, असे डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगितले होते.

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, तर मात्र त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. कंबरदुखीसोबत ताप, घटते वजन आणि रात्रीचे दुखणे असेल तर मणक्याचा क्षयरोग आहे का, हे तपासून घ्यावे. तो बहुधा औषधांनी बरा होतो.

आई यंदा पुन्हा वेचणीला जाते, मात्र कमरेची ओटी अर्धी भरली की ती धुऱ्यावरच्या गाठोड्यात रिकामी करून येते.